आवाज बंद, कपडे चालू!

एक प्रयोग करून बघा. ‘द बिग बँग थिअरी’च्या पहिल्या सीझनमधला कुठलाही एपिसोड लावा आणि आवाज बंद करा. सबटायटल्सही बंद. (तुमच्यापैकी निम्म्यांना डायलॉग पाठ असतील, ते मनातल्या मनातही म्हणायचे नाहीत.) आता नुसतं बघा. लिफ्ट बिघडलेली आहे, म्हणून जिन्याने वर या. समोरासमोर दोन दारं. एका दारातून दोन मुलगे बाहेर येतात. एकाने फुल बाह्यांच्या टी-शर्टवर अजून एक हाफ टी-शर्ट चढवलाय, छातीवर कुठल्या तरी सुपरहिरोचं चिन्ह. दुसऱ्याच्या अंगात टी-शर्ट, त्यावर हुडी, त्यावर जॅकेट. समोरच्या दारात एक मुलगी उभी आहे, शॉर्ट्स आणि बिनबाह्यांच्या टॉपमध्ये.

गोष्ट घडते कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनामध्ये. तिथे चांगलं ऊन असतं. म्हणजे हवेला साजेसे कपडे त्या मुलीनेच घातलेत! समोरचे दोघं, आणि थोड्या वेळाने येणारे त्यांचे दोन मित्र, हे चौघं मात्र थंडी वाजत असल्यासारखे स्वतःला गुंडाळून घेऊन फिरतायत. एक शब्द ऐकू आलेला नाही, तरी तुम्हाला कळलंय की ही मुलगी जगात आरामात वावरते आणि या मुलांना जगाची जरा भीतीच वाटते. पुढच्या बारा सीझनची गोष्ट ही एवढीच तर आहे.

पहिल्याच एपिसोडमध्ये लेनर्ड आणि शेल्डन पेनीचा टीव्ही आणायला तिच्या आडदांड एक्स-बॉयफ्रेंडकडे जातात आणि परत येतात ते पँटी गमावून. टीव्ही नाही, पँटही नाही. आपण हसतो. पण गंमत अशी की ज्यांना इतकं नीट गुंडाळलेलं आपण वीस मिनिटं बघितलं, त्यांचेच कपडे काढून घेतले म्हणून ते इतकं विनोदी वाटतं. आधीपासूनच चड्डी-बनियनवर फिरणारी पात्रं असती, तर कोण हसलं असतं?

हे सगळं करणाऱ्या बाईंचं नाव मेरी टी. क्विगली. या मालिकेच्या कॉस्च्युम डिझायनर. आपल्या नाटकवाल्यांचा याला फार छान शब्द आहे, कपडेपट. नेपथ्य कोणाचं, प्रकाशयोजना कोणाची, हे आपण विचारतो, कपडेपट मात्र गृहीत धरतो. ‘बिग बँग’च्या मागच्या व्हाइटबोर्डवरची गणितं खरी असावीत म्हणून डेव्हिड साल्ट्झबर्ग नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नेमलेले होते. सगळ्या चाहत्यांना हे माहीत असतं, प्रत्येक क्विझमध्ये हा प्रश्न येतो. पण बोर्डासमोर उभ्या माणसाच्या अंगावरचे कपडे कोणी ठरवले, हे किती जणांना सांगता येईल? खरं तर बोर्डावरचं गणित बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कळतं, टी-शर्ट सगळ्यांना कळतो.

आणि आजच्या काळातले कपडे डिझाइन करणं हे काम दिसतच नाही, हीच त्यातली अडचण. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’साठी १९८३मध्ये ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्यासोबत. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. तिथे इतिहास उभा करायचा होता, गर्दीतल्या शेवटच्या माणसाच्या टोपीपर्यंत. ते काम बघणाऱ्याला दिसतं. सिटकॉममधला टी-शर्ट मात्र ‘दुकानातून तर आणलाय, त्यात काय डिझाइन!’ असा वाटतो. सिटकॉम, तोही प्रेक्षकांसमोर शूट होणारा, बराचसा नाटकासारखाच असतो. समोर बसलेले प्रेक्षक, एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरे, त्याच त्या दोन-तीन खोल्या. पात्र दारातून आत येतं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत दिसतं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत प्रेक्षकाने त्याला ओळखायला हवं. शिवाय सोफ्याच्या रंगात शर्ट मिसळून जाता कामा नये, फार बारीक रेघांचा कपडा कॅमेऱ्यात लहरायला लागतो म्हणून तोही नको, आणि सीनमध्ये अंगावर सरबत सांडणार असेल तर तसाच दुसरा, तिसरा शर्ट तयार हवा.

आपल्याकडची ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आठवा. मायाची साडी आणि मोनिशाचा ड्रेस शेजारी शेजारी आले की सासू-सुनेचं भांडण सुरू व्हायच्या आधीच आपल्याला ते ऐकू यायला लागतं.

शनिवार, रात्री सव्वाआठ

शेल्डन कूपरचे कपडे हा स्वतंत्र विषय आहे. तो मूळचा टेक्सासचा, म्हणजे तिथेही उकाडाच. तरी बारा वर्षं तो दोन थरांत वावरला. आतला फुल बाह्यांचा टी-शर्ट त्याचं अंग झाकतो आणि बाहेरचा त्याचा आवडता हिरो दाखवतो. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, बॅटमन. (हे सगळे डीसी कॉमिक्सवाले. डीसी आणि ही मालिका, दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्याच घरातले. त्यामुळे मार्व्हलचे चाहते असाल तर फार मनाला लावून घेऊ नका.) सहा-सात वर्षांच्या मुलाला आई कसे कपडे घालते, ते डोळ्यांसमोर आणा. आत गरम काहीतरी, वर कार्टूनचा टी-शर्ट. शेल्डन दोन पीएचडी केलेला माणूस आहे, आणि त्याचं कपाट दुसरीतल्या मुलाचं आहे. तो उद्धटपणे बोलतो तेव्हा आपण त्याला माफ का करतो, याचं निम्मं श्रेय जिम पार्सन्सचं आणि निम्मं त्या टी-शर्टचं. हीच वाक्यं कडक इस्त्रीच्या शर्टात, टाय लावून म्हणणारा माणूस कल्पून बघा. तो आपल्याला दोन एपिसोडसुद्धा सहन झाला नसता. तसे प्राध्यापक तुम्ही बघितले असतीलच, आपण नावं नको घेऊया.

त्याचे कपडे नुसते दिसत नाहीत, ते गोष्टही पुढे नेतात. शनिवारी रात्री सव्वाआठ ही त्याची कपडे धुवायची वेळ. धुतलेले टी-शर्ट तो खास फळीवर घालून एकसारखे घडी करतो. बसच्या सीटवर कोण कोण बसून गेलेलं असतं, म्हणून तो पँटवरून आणखी एक ‘बस पँट’ चढवतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचं आणि पेनीचं मोठं युद्ध होतं, तेही वॉशिंग मशीनपर्यंत जातं आणि तिचे कपडे थेट रस्त्यावरच्या तारेवर जाऊन लटकतात. कपड्यांबद्दल इतके नियम असलेल्या माणसाला जग मनासारखं चालायला हवं असतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्या सीझनमधली हॅलोवीन पार्टी आठवते का? चौघंही स्वतंत्रपणे फ्लॅश बनून येतात. शेवटी सगळ्यांना बदलावं लागतं आणि शेल्डन अंगभर काळे-पांढरे पट्टे घालून येतो. तो ‘डॉप्लर इफेक्ट’ आहे! पार्टीत कोणालाही ते कळत नाही, लोकांना तो झेब्रा वाटतो. हॉवर्ड रॉबिन हूड बनून आलाय, सगळे त्याला पीटर पॅन समजतात. हा सीन वरवर बघायला धमाल आहे. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी, पहिल्या ‘ट्रॅडिशनल डे’ला आपण फार विचार करून काहीतरी घालून गेलो आणि कोणालाच ते कळलं नाही, असं ज्याच्या बाबतीत झालंय, त्याला तो झेब्रा जरा टोचतो.

तिसऱ्या सीझनमध्ये शेल्डनला पुरस्कार मिळतो, म्हणून पेनी त्याला सूट घ्यायला नेते. एका साध्या, नीट बसणाऱ्या सुटात तो खरंच देखणा दिसतो. पेनी खूश. शेल्डन आरशात बघतो आणि म्हणतो की मी जोकर दिसतोय. मला वाटतं, बारा सीझनमधला कपड्यांवरचा हा सगळ्यात प्रामाणिक विनोद आहे. आपल्याला ‘चांगले’ दिसणारे कपडे दुसऱ्याला सोंग वाटू शकतात.

बाकीच्यांचं पटकन सांगते. हॉवर्ड वॉलोविट्झ म्हणजे घट्ट रंगीत पँटी, भलीमोठी बेल्टची बक्कलं, कॉलरजवळ एलियनचा बिल्ला. त्याचा तो उंच गळ्याचा स्वेटर तर बऱ्याचदा स्वेटरही नसतो, शर्टाच्या आत नुसता गळा आणि छातीपुरता तुकडा असतो. याहून नेमकं वर्णन त्या माणसाचं होऊ शकत नाही. दाखवायचं तेवढंच आहे, आत बाकी काही नाही. चौघांत पीएचडी नसलेला तोच एकटा, सगळे त्याला त्यावरून टोमणे मारणार, म्हणून तो कपड्यांतून ओरडतो. पुढे त्याचं लग्न झालं, तो अंतराळात जाऊन आला, दोन मुलांचा बाप झाला. पँट तेवढीच घट्ट राहिली.

दिल्लीच्या श्रीमंत घरातला राज सुरुवातीची कित्येक वर्षं दारू प्यायल्याशिवाय मुलींशी बोलूच शकत नाही. त्याच्या अंगावर शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर जॅकेट. इतक्या थरांखालून आवाज बाहेर येणार तरी कसा! परदेशात शिकायला गेलेल्या एखाद्या दादाचे पहिल्या हिवाळ्यातले फोटो आठवतात मला ते बघून. लेनर्डबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं डिझाइन आहे. तो चौघांतला ‘जवळजवळ नॉर्मल’, म्हणून त्याचे कपडेही जवळजवळ नॉर्मल.

सिटकॉमचा हा एक नियमच आहे. पात्राला कपड्यांचा युनिफॉर्म द्यायचा आणि तो वर्षानुवर्षं बदलायचा नाही. खऱ्या आयुष्यात आपण फर्स्ट इयर ते थर्ड इयरमध्ये ओळखू येणार नाही इतके बदलतो. सिटकॉममध्ये मात्र रोज रात्री तोच माणूस घरी भेटायला हवा, म्हणून तर आपण जेवताना त्याला लावतो. पण त्यामुळे ज्या दिवशी कपडे बदलतात, त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. वेट्रेसचा युनिफॉर्म घालणारी पेनी आठव्या सीझनमध्ये औषध कंपनीची सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह होते. केस आखूड, अंगात ब्लेझर. केसांवरून तेव्हा चाहत्यांनी केवढा गदारोळ केला होता! नोकरी बदलली याचं कोणाला काही नाही, केस का कापले म्हणून भांडण.

एमीचं कार्डिगन

आता मला खरं जिच्याबद्दल बोलायचंय, ती एमी फॅरा फाउलर. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती पहिल्यांदा येते. मेंदूवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. ढगळ कार्डिगन, गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, जाड स्टॉकिंग्ज, चष्मा, सपाट बूट. शेल्डनचं कपाट जसं लहान मुलाचं, तसं एमीचं कपाट तिच्या आईचं वाटतं. आईशी झालेल्या करारामुळे तिला वर्षातून एकदा डेटवर जावं लागतं, असं ती पहिल्याच भेटीत सांगते. तेव्हा ते कपडे कोणाच्या धाकाने निवडलेले आहेत, हे लगेच लक्षात येतं.

पाचव्या सीझनमध्ये शेल्डन तिच्या कामाकडे दुर्लक्ष करतो, मग पेनीच्या सल्ल्याने दागिना घेऊन येतो. एमी आधी भडकते, मला काय इतकं उथळ समजलास! आणि मग डबी उघडते. आत टिआरा, राजकन्येचा मुकुट. पुढच्या क्षणी ती आनंदाने वेडी होते. कार्डिगन आणि मुकुट एकाच फ्रेममध्ये. मुकुट हवा असलेली मुलगी इतकी वर्षं त्या कार्डिगनच्या आतच होती, हे एका वस्तूने सांगितलं. कॉस्च्युमचं काम याहून चांगलं मी सिटकॉममध्ये बघितलेलं नाही.

पण एक गोष्ट खटकते, आणि ती लपवायची नाही. हे पात्र करणारी मायिम बियालिक स्वतः न्यूरोसायन्समध्ये पीएचडी आहे, २००७ साली तिने ती कॅलिफोर्निया विद्यापीठातून, लॉस एंजेलिसमधून घेतली. म्हणजे खरीखुरी शास्त्रज्ञ रोज सेटवर यायची आणि टीव्हीला ‘शास्त्रज्ञ बाई’ दिसावी म्हणून तिला गबाळं केलं जायचं. मालिकेत बर्नाडेटही आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी, छान रंगीत फ्रॉक घालणारी. तिचं उदाहरण देऊन मालिकेचा बचाव करता येतो. पण बघा, बर्नाडेटचे कपडे आपल्याला ‘हॉवर्डची गोड बायको’ सांगतात. तिची प्रयोगशाळा आठवायला आपल्याला डोक्याला ताण द्यावा लागतो. शास्त्रज्ञ म्हणून आठवते ती एमीच.

आणि हे फक्त अमेरिकेतल्या मालिकेचं दुखणं नाही. पेनीच्या आखूड केसांचा आठवा सीझन सुरू झाला २२ सप्टेंबर २०१४ला. त्याच आठवड्यात, २४ सप्टेंबरला, आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. बंगळुरूच्या इस्रोमधला एक फोटो जगभर फिरला. रेशमी साड्या, केसांत गजरे, एकमेकींना मिठ्या मारून हसणाऱ्या बायका. ‘शास्त्रज्ञ अशाही दिसतात’ म्हणून सगळ्यांनी तो शेअर केला. नंतर इस्रोनेच स्पष्ट केलं की फोटोतल्या त्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या. मोहिमेवर काम केलेल्या स्त्री शास्त्रज्ञ होत्याच, आणि त्या तेव्हा कंट्रोल रूममध्ये होत्या. फोटो त्यांचा नव्हता इतकंच. म्हणजे एकदा आपण कार्डिगन बघून शास्त्रज्ञ ओळखली, एकदा साडी बघून ओळखली. दोन्ही वेळा कपडेच बघितले.

तुमच्यापैकी जे लॅबमध्ये आहेत, त्यांना हे घरचंच वाटेल. प्रॅक्टिकलला जरा नटून गेलं की ‘आज लग्न आहे का कोणाचं?’ आणि साधं गेलं की ‘स्कॉलर दिसतेस’. मुलग्याला यातलं काहीच ऐकावं लागत नाही.

मालिकेने हा प्रश्न शेवटी स्वतःच स्वतःला विचारला, ते मला आवडलं. अकराव्या सीझनच्या शेवटी शेल्डन-एमीचं लग्न असतं. शेल्डनचा बो टाय सरळ बसत नाही, म्हणून तो अस्वस्थ. तो जरा वाकडाच छान दिसतो, असं एमीचं मत. त्या वाकड्या बो टायवरून दोघांना एक सिद्धांत सुचतो, ‘सुपर असिमेट्री’. बाराव्या सीझनमध्ये त्याच कामाला नोबेल मिळतं. एक कपडा नीट बसला नाही म्हणून नोबेल! कपडेपटाला यापेक्षा मोठी सलामी कोणत्या लेखकाने दिली असेल असं मला वाटत नाही.

नोबेल जाहीर होतं, फोटो छापून येतात आणि एमी स्वतःचा फोटो बघून खचते. आयुष्यभराचं काम जगाने मान्य केलंय आणि तिला दिसतंय फक्त आपलं ध्यान. राज तिला घेऊन जातो, नवे कपडे, नवे केस. (चौघांतल्या सगळ्यात भयंकर जॅकेटवाल्याकडे हे काम जावं, हाही विनोदच.) शेल्डन तिला बघून हादरतो, कारण त्याला बदलच नको असतो. शेल्डनला स्वतःला मात्र मेकओव्हर लागत नाही. त्याच्या चौकड्यांवर कोणी लेख लिहीत नाही.

हा मेकओव्हर बघून मला आनंदही झाला आणि रागही आला. आनंद यासाठी की नऊ वर्षं ज्या मुलीला कपड्यांवरून हसवण्याचं साधन केलं, तिला एकदा तरी स्वतःच्या मर्जीने आरशासमोर उभं राहता आलं. राग यासाठी की नोबेल मिळालं तरी तेवढं पुरलं नाही, केस कापावेच लागले. माझ्या एका मैत्रिणीला हा शेवट अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, एमीने कार्डिगनमध्येच स्टॉकहोमला जायला हवं होतं. मी तिच्याशी दोनदा भांडले आहे आणि दोन्ही वेळा मला नीट उत्तर सुचलेलं नाही.

तुम्ही कोणाच्या बाजूने आहात, हे १६ मे २०१९चा तो शेवटचा एपिसोड पुन्हा बघून ठरवा. जिना, दारं, सोफा, सगळं हवं तर आवाज बंद करूनच बघा. फक्त स्टॉकहोममध्ये एमी माइकसमोर येते तेव्हा आवाज चालू करा. आपल्या वाट्याला आलेल्या थोड्या वेळात ती विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलींशी बोलते. त्या वेळी तिने काय घातलं होतं, ते मला आत्ता आठवत नाहीये.